नळी उतरविण्यापूर्वी

मोहगावच्या एका गृहस्थांनी आम्हांस विचारले : वडिलोपार्जित ठासणीच्या बंदुकीची नळी मोकळी करण्यास शिसवी ठोकळे, राळ व लांब दांड्याचा पाना घरीच करावा काय? युक्ती खोटी नव्हे. राळेमुळे नळी घसरत नाही व बुडाचे आट्यांचे बूच सुटते.

परंतु आधी वेळूची काडी करावी. बंदुकीचे तोंड आपल्याकडे न धरता काडी तळापर्यंत घालावी, तोंडाशी खूण करावी व नळीस बाहेरून लावून पाहावी. कानाच्या छिद्रापासून ती दोन-चार बोटे अलीकडेच राहिली, तर आत जुना बार आहे असे समजावे. कोरडी दारू वर्षानुवर्षे जिवंत राहते. अशी नळी भात्याजवळ नेऊ नये.

शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्यान्वये दुरुस्तीलाही परवाना लागतो. तेव्हा घरी काडीच करावी. पाना परवानेधारक कारागिराच्या हाती शोभतो.