जकात चिनी मालावर, भुर्दंड कोणाला?

परदेशी मालावर जकात बसवली की ती परदेश भरतो, हा समज जितका लोकप्रिय तितकाच खोटा आहे. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१८ पासून त्याचा धोशा लावला. आणि खेदाची गोष्ट अशी की, चिनी मालाविषयीच्या रोषापोटी आपल्याकडील काही पुरोगामी मंडळींनीही त्याला टाळ्या दिल्या. जकातीच्या भिंतीवर कोणता झेंडा फडकतो यापेक्षा तिचा भार कोणत्या वर्गाच्या खांद्यावर येतो, हा प्रश्न समाजवाद्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

जकात वसूल होते ती बंदरात, आणि ती भरतो आयातदार. चीनमधील कारखानदार अमेरिकी सरकारला एक छदामही देत नाही. त्याने आपला भाव उतरवला तरच बोजाचा काही अंश त्याच्याकडे सरकतो. मेरी अमिटी, स्टीफन रेडिंग आणि डेव्हिड वाइनस्टीन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ सालच्या जकातींचा अभ्यास केला, तेव्हा असा उतार त्यांना जवळजवळ आढळलाच नाही. बोजा अमेरिकेतील आयातदार व ग्राहक यांच्यावरच पडला होता. जकात हा अप्रत्यक्ष कर आहे, आणि अप्रत्यक्ष कर श्रीमंताच्या खिशाला ओरखडा काढतो, तर गरिबाच्या ताटातला घास काढून घेतो.

तथापि, प्रश्न केवळ दराच्या उंचीचा नाही. त्याच्या लहरीपणाचा आहे. खेळण्यांचे उदाहरण घेऊ. चिनी खेळण्यांवर अमेरिकेत २०२५ पूर्वी जकात नव्हती. त्या वर्षी ४ फेब्रुवारीला ती १० टक्के झाली, ४ मार्चला २० टक्के, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात १४५ टक्के आणि १४ मे रोजी ३० टक्के. म्हणजे एक लाख डॉलरच्या मालावर कधी दहा हजार, कधी एक लाख पंचेचाळीस हजार, तर कधी तीस हजार डॉलर! मागणी नोंदवणे, माल तयार होणे आणि जहाज बंदराला लागणे यांत महिने जातात. ज्या व्यापाऱ्याला आपल्या मालाची किंमत माल हाती पडेपर्यंत कळत नाही, तो व्यापार करत नाही; त्याला जुगार खेळावा लागतो. शिवाय जकात वाढली की सीमाशुल्क खात्याकडे द्यावयाच्या हमीपत्राची रक्कमही वाढते, आणि माल विकला जाण्याआधीच भांडवल अडकून पडते.

या जुगारात सर्वांच्या हाती सारखी पाने नसतात. १४५ टक्क्यांची घोषणा होऊन दोन-तीन दिवस होतात न होतात तोच, ११ एप्रिल २०२५ रोजी स्मार्टफोन आणि संगणक यांना त्या वाढीतील सर्वांत मोठ्या हिश्श्यातून सूट मिळाली. मुलांच्या खेळण्यांना मिळाली नाही. ज्याचा आवाज राजधानीत पोहोचतो त्याला सवलत, आणि ज्याचा पोहोचत नाही त्याला पावती! मोठी कंपनी आधीच साठा करते, दुसऱ्या देशात उत्पादन हलवते, तोटा वर्षभर सोसते. छोटा आयातदार हे करू शकत नाही. तो बुडाला की त्याची बाजारपेठ मोठ्याच्या घशात जाते. देशी उद्योगाचे संरक्षण म्हणून सुरू झालेला उपाय अशा रीतीने मक्तेदारीचे संरक्षण करू लागतो.

येथे कोणी विचारील की, आयातदार हा तर व्यापारी भांडवलदार. त्याच्यासाठी समाजवाद्यांनी अश्रू का गाळावेत? अश्रू गाळण्याचे कारण नाहीच. पण त्याच्या गोदामातील हमाल, दुकानातील नोकर आणि शेवटी दाम मोजणारा ग्राहक यांचा विचार कोणी करायचा? लर्निंग रिसोर्सेस या इलिनॉयमधील खेळणी कंपनीच्या दाव्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२६ रोजी निकाल दिला की, आणीबाणीच्या ज्या कायद्याखाली या जकाती लादल्या, तो कायदा अध्यक्षांना जकात बसवण्याचा अधिकार देत नाही. निकाल स्वागतार्ह आहे. कर बसवण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींचा आहे, हे तत्त्व त्याने राखले. परंतु परताव्याचा हक्क पोहोचतो तो जकात भरणाऱ्या आयातदाराला. ज्या मजुराने मुलासाठी महाग खेळणे घेतले, त्याच्याजवळ ना पावती, ना दावा. बोजा खाली झिरपतो. परतावा मात्र वरच अडतो.

आपल्या देशातही चित्र फार वेगळे नाही. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पाने २० वरून एकदम ६० टक्के केले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्के झाले. शुल्क सर्व देशांसाठी असले तरी रोख चीनवर होता. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यानुसार मागणी नोंदवली त्या दिवशीचा दर लागू होत नाही. माल येथे आल्यावर विक्रीसाठी सोडवण्याचे आयातपत्र दाखल होते, तेव्हाचा दर लागतो. मशीद बंदरच्या छोट्या व्यापाऱ्याचा माल समुद्रात असताना दर तिप्पट झाला, तर त्याने दाद कोणाकडे मागावी? आणि सावंतवाडीच्या कारागिराला या भिंतीने आपोआप साचे, यंत्रे, स्वस्त कर्ज वा बाजारपेठ मिळत नाही. त्यासाठी सरकारला हात हलवावे लागतात. दराचा आकडा बदलणे त्याहून सोपे असते.

संरक्षक जकातीला समाजवाद्यांचा तत्त्वतः विरोध नाही, आणि मुक्त व्यापाराचे गोडवे गाणाऱ्यांशी तर त्यांचे काहीच नाते नाही. पण १८९६ साली ब्रिटिश सरकारने आयात कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली आणि भारतीय गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच उत्पादनकर लादला, हा इतिहास विसरता येत नाही. जकात कोणाचे हित पाहील, हे ती बसवणाऱ्या सत्तेचे वर्गहित ठरवते.

म्हणूनच चळवळीच्या मागण्या स्पष्ट हव्यात. शुल्कातील मोठे बदल संसदेत चर्चा होऊन आणि पूर्वसूचना देऊन व्हावेत. बदलापूर्वी करार झालेल्या मालाला जुना दर लागावा. संरक्षणाला मुदत असावी, आणि त्यातून मिळणारा महसूल लघुउद्योगांच्या कर्जासाठी, साच्यांसाठी व कामगारांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. एवढे करण्याची तयारी नसेल, तर जकातीला स्वदेशीचे नाव देऊ नये. ती गरिबांवरची आणखी एक पट्टी आहे, एवढेच प्रामाणिकपणे सांगावे.