प पतालचा

भिलाईतल्या मराठी घरांसाठी पत्रक



आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाईंची नात पहिलीत आहे. परवा तिची वही चाळली. टोमॅटोचं चित्र, शेजारी चौकट, त्यात पहिलं अक्षर भरायचं. पोरीने ‘प’ काढला होता, नीट वळणदार. त्यावर लाल फुली. विचारलं तर म्हणाली, ‘पताल’. छत्तीसगढीत टोमॅटोला पतालच म्हणतात. म्हणजे उत्तर शंभर टक्के बरोबर. चुकली ती फक्त जन्माला आली त्या घरात.

‘अहो, ती बोली आहे, भाषा कुठे?’ हे आपल्याच हळदीकुंकवात ऐकलेलं वाक्य. त्या ‘बोली’चं व्याकरण हिरालाल काव्योपाध्यायांनी १८८५ साली लिहिलं आणि भाषाअभ्यासक ग्रियर्सनने ते इंग्रजीत नेलं. २०११च्या जनगणनेत १ कोटी ६२ लाख लोकांनी आपली मातृभाषा छत्तीसगढी सांगितली. सरकारने ती सगळी डोकी हिंदीच्या खात्यात जमा केली. २८ नोव्हेंबर २००७ला छत्तीसगढच्या विधानसभेने या भाषेला राजभाषा केलं. २६ जानेवारी २०२०ला तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी प्राथमिक शाळेत छत्तीसगढी, गोंडी, हलबी वगैरे भाषा आणायचं जाहीर केलं. गाजावाजा मात्र त्याच वर्षी निघालेल्या स्वामी आत्मानंद इंग्रजी शाळांचा झाला. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ मातृभाषेतून शिकवा म्हणतं, पण ‘शक्य असेल तिथवर’. या तीन शब्दांत अख्खं शिक्षण खातं आरामात झोपतं.

घरची भाषा शाळेबाहेर ठेवली की काय होतं, ते नॉर्वेत पाहा. तिथे उत्तर भागात सामी लोक राहतात, त्यांतले काही पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअर पाळणारे. १८९८ साली तिथल्या शिक्षकांना हुकूम गेला: शिकवायचं नॉर्वेजियनमध्ये, सामी शब्द अगदी अडलं तरच. १९०२च्या कायद्याने तर त्याच भागातल्या फिनमार्क प्रांतातली सरकारी जमीन नॉर्वेजियन बोलता-लिहिता येणाऱ्यालाच मिळू लागली. शाळा आणि सातबारा एकाच दोरीने बांधले! पोरं वसतिगृहात गेली, आणि मोठी झाल्यावर आपल्या मुलांशी घरातही सामी बोलेनाशी झाली. वर्गात सामी वापरायला कायद्याची मोकळीक मिळाली ती १९५९ साली. सामींची स्वतःची संसद १९८९ची. नॉर्वेच्या राजा हाराल्डने १९९७मध्ये माफी मागितली, तोवर कित्येक घरांतली भाषा आजीबरोबर गेली होती.

नॉर्वे लांब आहे म्हणाल, तर गडचिरोली घ्या. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. २०२२मध्ये शिक्षण विभागाने ती बेकायदा ठरवून बंद करायची नोटीस बजावली. बजावणारं राज्य आपलं, मराठीच्या नावाने गळा काढणारं. बेळगावसाठी घोषणा देताना आपल्याला मोहगाव आठवत नाही.

आपण इथे कारखान्याच्या निमित्ताने आलो, क्वार्टर मिळालं, सेक्टरात गणपती बसवला, नाटकं केली. कुणी आडकाठी केली नाही. आपल्या आधीचे पत्रकार माधवराव सप्रे हेही मराठी घरातलेच गृहस्थ. १९०० साली पेंड्र्याहून मासिक काढलं तेव्हा नाव ठेवलं ‘छत्तीसगढ मित्र’. मासिक हिंदी होतं, हे खरं. पण नाव तरी इथल्या मातीचं घेतलं. आपण सव्वाशे वर्षांनी कामवालीला सांगतो, ‘हिंदीत बोल, कळत नाही.’ चाळीस वर्षं राहून कळत नाही?

तेव्हा दोन कामं करा. जनगणनेचा माणूस यायच्या आधीच घरी कामाला येणाऱ्यांना सांगून ठेवा: मातृभाषा विचारली की बिनधास्त छत्तीसगढी म्हणा, गोंडी असेल तर गोंडी. दुसरं, सोबतच्या अर्जावर सही करा. मागणी एवढीच: पहिली-दुसरीला मुलांची भाषा बोलणारा शिक्षक द्या, आणि घरचा शब्द लिहिला म्हणून फुली मारू नका. अर्ज मराठी, हिंदी आणि छत्तीसगढीत आहे. छत्तीसगढी मजकूर आमच्या भांड्यांच्या बाईंनी सांगितला, मी उतरवून घेतला. माझ्या चार चुका त्यांच्या नातीने काढल्या.

— सेक्टरातला एक मराठी शेजारी