परक्या डीएनएची ओळख आणि प्रतिकारक वाणाची कसोटी

रायपूरजवळील बरोंडा येथील राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्थेचा परिसर २८ सप्टेंबर २०२१ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. कीड, रोग व तणे यांचा पिकांवरील ताण हा या संस्थेचा अभ्यासविषय आहे. रोपाला स्वकीय आणि परके यांतील भेद कसा कळतो, हा त्यातील एक मूलभूत प्रश्न होय. प्रतिकारक वाणांची पारख कशी व्हावी, हेही त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

प्राण्यांच्या पेशीत डीएनएची जागा मुख्यतः केंद्रकात असते. तो पेशीद्रवात आढळला की ‘सीगॅस’ हे प्रथिन त्यास चिकटते आणि धोक्याचा संदेश देते. टोमॅटोवरील पर्णगुच्छ रोगात मात्र ही खूण उपयोगी पडत नाही. पांढऱ्या माशीने आणलेला विषाणूचा वर्तुळाकार डीएनए थेट रोपाच्या केंद्रकातच शिरतो. तेथे रोप त्याला त्याच्या कृतीवरून ओळखते. विषाणूच्या जनुकांपासून दुपदरी आरएनए तयार होताच रोपाची विकरे त्याचे २१ ते २४ घटकांचे तुकडे करतात. हेच तुकडे पुढे विषाणूचे संदेश नष्ट करण्यास आणि त्याच्या डीएनएवर मिथाइलची मोहोर उमटवून त्यास निष्क्रिय करण्यास दिशा देतात.

वन्य टोमॅटोपासून संकरित वाणांत आणलेले ‘टीवाय-१’ जनुक हीच यंत्रणा बळकट करते. तथापि, त्यामुळे विषाणू समूळ नष्ट होत नाही, केवळ दबलेला राहतो. त्याच रोपास माव्यामार्फत काकडी मोझॅक विषाणूची लागण झाल्यास हे संरक्षण ढासळते, असे प्रयोगांती दिसून आले आहे. कारण हा दुसरा विषाणू आरएनए-आधारित यंत्रणेलाच निष्प्रभ करतो.

शेतात रोग एकेकटे येत नाहीत. म्हणून एकाच विषाणूच्या चाचणीत उत्तीर्ण झालेल्या वाणास ‘प्रतिकारक’ म्हणणे अपुरे आहे. मिश्र लागणीतील चाचणी वाणप्रसारणापूर्वी अनिवार्य व्हावी आणि तिचा निष्कर्ष बियाण्याच्या पाकिटावर छापला जावा. रायपूरच्या संस्थेने यात पुढाकार घेणे तिच्या स्थापनेच्या उद्देशास साजेसे ठरेल. तोवर प्रतिकारक वाण घेणाऱ्या शेतकऱ्यानेही रोपवाटिकेवरील कीटकरोधक जाळी, पांढरी माशी व मावा यांचे नियंत्रण आणि रोगट रोपे उपटून नष्ट करणे यांत ढिलाई करू नये. रोपाची प्रतिकारशक्ती खरी असली, तरी तिला मर्यादा आहेत.