फी माफ झाली, तारीख नाही

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. त्यानंतरचे चार महिने जालना जिल्ह्यातल्या घरांत दोन कामं बरोबरीनं चालतात. शेतात कपाशी-सोयाबीनची पेरणी, खत, फवारणी. घरात मुलांचे प्रवेश. दोन्हींना पैसा लागतो तो याच काळात, आणि घरात तो नसतो तोही याच काळात. सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीला येतात, कापसाचे त्याहून उशिरा. महाविद्यालयाच्या खिडकीवरची तारीख मात्र ऑगस्टची असते.

उच्च शिक्षण महागलं, अशी तक्रार आपण सगळेच करतो आणि ती खरी आहे. पण गेल्या काही वर्षांत सरकारनं फीचा मोठा भार उचललाय, हेही तितकंच खरं. तरीही मुलं अडतात. ती कुठे अडतात, एवढंच इथे मांडतो.

१. ‘मोफत’ शब्दाखाली नेमकं काय माफ झालं?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. आधी ही सवलत निम्मी होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. निर्णय चांगला आहे; गावागावांत त्याचे फलक लागले ते वावगं नव्हतं.

फलकावर न मावलेल्या अटी मात्र खिडकीवर गेल्यावर कळतात. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की सवलत गेली. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं योजनेच्या बाहेर आहेत. संभाजीनगर-पुण्याच्या चकचकीत माहितीपत्रकांवर ही ओळ सापडणार नाही. शिवाय माफी आहे ती शिक्षण आणि परीक्षा शुल्काची. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस, गणवेश, प्रयोगशाळेचं साहित्य हे सगळं घरच्यांवरच.

मुलग्यांचं गणित आणखी वेगळं. खुल्या प्रवर्गातल्या मुलाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शुल्क मिळतं, उत्पन्नाची मर्यादा तीच आठ लाख. ओबीसी मुलाला व्यावसायिक अभ्यासक्रमात निम्मं. विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण. अनुसूचित जाती-जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. एकाच घरातली बहीण आणि भाऊ एकाच महाविद्यालयात गेले तरी दोघांच्या पावत्या वेगळ्या निघतात. हे बापाला कोण समजावून सांगतं? बहुतेकदा कुणीच नाही.

२. फीपेक्षा पोटाचा खर्च मोठा.

जिल्ह्यात शिक्षणाची सोय नाही, असं आता म्हणता येत नाही. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि त्याच वर्षी जालन्यात जेईएस महाविद्यालयही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर २०१८ पासून जालन्यात आहे. २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, शंभर जागांचं. तरी मंठा, जाफराबाद किंवा घनसावंगीच्या मुलाला शिकायला घर सोडावं लागतं. जालन्याला जा नाहीतर संभाजीनगरला. घर सोडलं की दर महिन्याला खोली, मेस आणि येणं-जाणं आलंच.

यावरही योजना आहेत, आणि माझ्या मते त्या फीमाफीपेक्षा मोलाच्या आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भोजन, निवास आणि निर्वाहासाठी वर्षाला मुंबई-पुण्यात ६०,००० रुपये, संभाजीनगरसारख्या विभागीय शहरात ५१,०००, त्याखालच्या ठिकाणी ४३,००० असे टप्पे आहेत. आदिवासी मुलांसाठी स्वयंम, ओबीसी-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, खुल्या आणि मराठा समाजातल्या अल्पभूधारक व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता.

आता त्या ५१,००० ची फोड बघा. भोजनाला २८,०००, निवासाला १५,०००, निर्वाहाला ८,०००. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचं धरलं तर खोलीसाठी महिन्याला दीड हजार. संभाजीनगरात दीड हजारात खाट मिळते, खोली नाही. आणि ही रक्कम महागाईबरोबर आपोआप वाढत नाही. कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वाढतो, मेसवाल्याचा दरही वाढतो. मधल्या विद्यार्थ्यानं काय करायचं?

जालन्याहून संभाजीनगर साठेक किलोमीटर. म्हणून कित्येक मुलं रेल्वेनं किंवा एसटीनं रोज ये-जा करतात. एसटीच्या विद्यार्थी पासात दोन-तृतीयांश सवलत आहे, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. पैशाच्या हिशेबात हे स्वस्त पडतं. पण रोजचे तीन-चार तास प्रवासात घालवून प्रयोगशाळेत उभं राहणाऱ्या मुलाच्या अभ्यासाचा हिशेब कुणी मांडत नाही.

३. पैसा मिळतो, पण वेळ टळल्यावर.

सप्टेंबर २०२४ मधलं एक प्रकरण आठवा. उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. भरायचे होते १७,५०० रुपये. घरच्यांनी गोळा केले, पण संकेतस्थळावर पैसे भरायची मुदत टळली आणि जागा गेली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला घटनेच्या कलम १४२ खालचा अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावावं लागलं. दिल्लीपर्यंत धडक मारण्याची ताकद किती जणांत असते? भोकरदनच्या मुलाची अशी जागा गेली तर बातमीही होणार नाही.

शिष्यवृत्तीतही तेच. राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज, महाविद्यालयाकडून पडताळणी, मग खात्याकडून मंजुरी, मग आधारशी जोडलेल्या खात्यात रक्कम. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचं सूत्र केंद्रानं डिसेंबर २०२० मध्ये बदललं. केंद्राचा वाटा साठ टक्के, राज्याचा चाळीस, आणि पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. उद्देश गैरव्यवहार थांबवण्याचा होता आणि तो योग्यच. पण परिणाम असा की शुल्काचा पैसा आता दोन वाटांनी, दोन वेगळ्या वेळी येतो आणि तो महाविद्यालयात नेऊन भरायची जबाबदारी विद्यार्थ्याची. पूर्वी महाविद्यालय सरकारकडे तगादा लावायचं, आता ते विद्यार्थ्याकडे लावतं. हॉल तिकीट अडवलं, निकाल अडवला, दाखला अडवला या तक्रारी इथूनच येतात. बँक खात्याचं आधार-जोडणीचं काम राहिलं असेल तर पैसे अडकतात आणि का अडकले हे वर्षभर कळत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याचा अर्ज महाडीबीटीवर दाखल झालाय, त्याच्याकडून शिष्यवृत्तीच्या वाट्याची रक्कम आगाऊ मागायची नाही. उरलेलं शुल्क हप्त्यांनी घ्यायचं, आणि त्यातला एक हप्ता दिवाळीनंतरचा ठेवायचा. सोयाबीन विकल्याशिवाय शेतकऱ्याकडे पैसा येत नाही, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक संस्थाचालकाला ठाऊक आहे. त्यातले निम्मे स्वतःच शेतकऱ्यांची पोरं आहेत.

४. दाखले, आणि दसऱ्याच्या आतबाहेर.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा, नॉन-क्रिमिलेअर, जात प्रमाणपत्र, त्याची वैधता, रहिवासी दाखला, आधार-जोडणी झालेलं खातं. एक कागद राहिला की अर्ज परत. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातल्या ऊसतोड मजुरांची घरं दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात. आईबाप कारखान्याच्या फडात आणि इकडे मुलीच्या अर्जात ‘उत्पन्न दाखला अमान्य’ असा शेरा, हे जुळायचं कसं? या घरांत एकरकमी हाताशी येणारा पैसा म्हणजे मुकादमाची उचल. शिक्षणासाठी ती वापरली की पुढचा हंगाम आधीच विकला जातो.

तहसील कार्यालयांनी जून ते सप्टेंबरमध्ये आठवड्यातून एक दिवस फक्त विद्यार्थ्यांच्या दाखल्यांसाठी ठेवावा, तोही आठही तालुक्यांत आणि मोठ्या गावांत जाऊन. यासाठी नवा कायदा नको, जिल्हाधिकाऱ्यांचं एक पत्र पुरे.

५. कर्जाची भीती आणि कर्जाचं अज्ञान.

आपल्याकडे कर्ज म्हटलं की सोसायटीचं थकीत आणि सावकाराची चिठ्ठी डोळ्यांसमोर येते. म्हणून शैक्षणिक कर्जाच्या वाटेला माणूस जात नाही, आणि ऐनवेळी त्याच सावकाराकडे जातो. नियम पाहिले तर चित्र वेगळं आहे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत सरकारची पतहमी आहे, त्यामुळे जमीन गहाण मागायचं कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या लेखी शैक्षणिक कर्ज प्राधान्य क्षेत्रात मोडतं. त्याची मर्यादा २०२५ मध्ये वीस लाखांवरून पंचवीस लाखांवर गेली.

व्याजाचं गणित एकदा कागदावर मांडून बघा. समजा, चार वर्षांच्या अभियांत्रिकीसाठी दरवर्षी एक लाख उचलले, व्याज दहा टक्के सरळ. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही. त्या पाच वर्षांत पहिल्या लाखावर पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस, चौथ्यावर वीस, मिळून एक लाख चाळीस हजार व्याज चढतं. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम व्यावसायिक किंवा तांत्रिक, मान्यताप्राप्त संस्थेतला असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत हे सगळं व्याज सरकार भरतं. एक लाख चाळीस हजार! ही माहिती शाखेतला अधिकारी आपणहून देईल, या भरवशावर राहू नका.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदार दोन्हींची गरज नाही. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे, पण वर्षाला देशभरातल्या एकाच लाख विद्यार्थ्यांना. अर्ज विद्यालक्ष्मी संकेतस्थळावर करायचा. राज्याच्या ओबीसी महामंडळाची व्याज परताव्याची योजना वेगळी, देशात दहा लाखांपर्यंत आणि परदेशी शिक्षणाला वीस लाखांपर्यंत.

तरी एक इशारा. जागा भरण्यासाठी दलाल ‘कर्ज आम्ही करून देतो’ म्हणतो तेव्हा आधी त्या महाविद्यालयातून किती मुलं कुठे नोकरीला लागली ते विचारा. फेडायचं मुलाला आहे, दलालाला नाही.

६. आरक्षणाने जागा मिळते, मेस नाही.

अंतरवाली सराटी याच जिल्ह्यातली. ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ पासून तिथल्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनानं सगळा महाराष्ट्र ढवळून निघाला आणि त्या मागणीच्या मुळाशी शिक्षणच होतं. प्रवर्ग कोणता, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण कोणत्याही प्रवर्गातून आत गेलेल्या मुलाला महिनाअखेर मेसचं बिल भरावं लागतं. यावर एकही मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही.

७. जिल्ह्याने स्वतःचा निधी उभा करावा.

१९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. यातला ‘दरमहा’ महत्त्वाचा. फी भरून हात झटकले असते तर न्यूयॉर्कमध्ये राहता आलं नसतं. आंबेडकरांना हे पक्कं ठाऊक होतं. १९४४ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अनुसूचित जातींसाठी सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली आणि १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं.

जालन्यात पोलाद आहे, बियाण्यांचा उद्योग आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये बसणाऱ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो आणि शिक्षण त्या यादीत आहे. पाचशे विद्यार्थ्यांना प्रत्येकी वीस हजार बिनव्याजी, शिष्यवृत्ती जमा झाली की परत, असा फिरता निधी धरला तर लागतो एक कोटी. पुढच्या वर्षी तोच पैसा पुढच्या पाचशेंना. प्रवेशद्वाराच्या कमानीवर आणि स्वागताच्या फलकांवर जिल्ह्यात होणारा खर्च पाहता ही रक्कम जड नाही. अग्रणी बँक आणि जिल्हा प्रशासन मिळून हे एका हंगामात उभं करू शकतात. जिल्हास्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत पीककर्जाचा तालुकावार आकडा वाचला जातो, तसाच शैक्षणिक कर्जाचाही वाचला जावा.

८. तोवर पालकांनी एवढं करावं.

प्रवेश घेण्याआधी पहिल्या वर्षाचं नव्हे, पूर्ण अभ्यासक्रमाचं शुल्क लेखी मागा. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचं शुल्क २०१५ च्या कायद्याने आलेलं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्याच्या संकेतस्थळावरचा आकडा आणि तुमची पावती ताडून बघा. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. राज्यात कॅपिटेशन फीवर १९८७ पासून बंदी आहे. मूळ प्रमाणपत्रं महाविद्यालयाला ठेवून घेता येत नाहीत, हे विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्येच बजावलंय. खात्याची आधार-जोडणी जूनमध्येच बँकेत जाऊन तपासा. आणि उत्पन्नाचा दाखला दसऱ्याच्या आधी हातात असू द्या. नंतर तहसीलला गर्दी असते आणि अर्जाची मुदत वाढेलच, याची खात्री कुणी देत नाही.