‘औषधे शेवटी तीच’ हे खरे नाही

संपादक महोदय,

फिट्सच्या आजारात जनुकचाचणी म्हणजे पैसेवाल्यांची हौस, औषधे शेवटी तीच, असे आपल्या रविवारच्या अंकातील लेख सांगतो. हे चूक आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत धोक्याचेही.

ड्रॅव्हे सिंड्रोम हा बालवयात सुरू होणारा फिट्सचा आजारच घ्या. त्यामागचा एससीएन१ए जनुकातील दोष २००१ साली सापडला. पेशीत सोडियम शिरण्याची वाट या जनुकामुळे घडते. ती बिघडली की प्रामुख्याने मेंदूतील आवर घालणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात. अशा मुलाला कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन दिले, तर तीच वाट आणखी अडते आणि फिट्स वाढू शकतात. ही नेहमीच्या वापरातली औषधे आहेत. कोणते औषध द्यायचे नाही, हे इथे जनुक सांगते.

ग्लुट१ या ग्लुकोज वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या दोषात मेंदूला ग्लुकोज पुरेसे पोचत नाही. त्यावर कीटोजेनिक आहार हाच मुख्य उपचार. ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारातील फिट्ससाठी एव्हरोलिमस हे औषध अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाले.

सरसकट चाचणी नको, एवढे मान्य. पण दोन तृतीयांश रुग्णांच्या फिट्स औषधांनी आटोक्यात येतात, हा आकडा देऊन लेखक थांबतात. उरलेल्या एक तृतीयांशांचे काय? तीन दशकांत इतकी नवी औषधे येऊनही हा वाटा फारसा घटलेला नाही, कारण बहुतेक औषधे फिट दाबतात, मूळ बिघाडाला हात लावत नाहीत. संशोधन हवे ते यासाठीच.

कृपया पुढील अंकात दुरुस्ती छापावी. तसेच, हे वाचून कोणीही डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नयेत.

आपला,
एक वाचक, सातारा