ॲम्प्लिफायर पारखावा कानाने

मस्जिद, मदरसा किंवा जमातखान्यासाठी ॲम्प्लिफायर घ्यायला गेले की दुकानदार दोन मशिने वाजवून विचारतो, "बोला साहेब, कोणते चांगले?" बहुधा महागाचेच गळ्यात पडते. आमच्या मते ही पारख नव्हे.

एका मशिनाचा आवाज जरासा चढा असला, तरी कानाला तो मोठा न वाटता 'साफ' वाटतो. म्हणून स्पीकर, जागा आणि कॅसेट वा सीडी एकच ठेवावी. १००० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या तारांवर व्होल्टमीटर धरावा आणि दोन्ही मशिनांचे व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवावे. फरक तेव्हा ०.१ डेसिबलहूनही कमी राहतो. आवाज फाटेल इतका चढवू नये.

मशिने पडद्याआड असावीत. दर वेळी कोणते लावायचे ते नाणे उडवून ठरवावे. ऐकणाऱ्याने फक्त ओळखावे. अशा १६ फेऱ्यांत ८ उत्तरे नुसत्या अंदाजानेही बरोबर येतात. १२ किंवा अधिक आली, तरच फरक खरा मानावा. नशिबाने तेवढी येण्याचा संभव शंभरात चारहून कमी आहे.

फरक ओळखू आला नाही, तर जादा पैसे नावाचे समजावेत. मग वॉट, गॅरंटी आणि दुरुस्तीची सोय पाहून घ्यावे.

चंद्याचा पैसा अमानत आहे. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना सक्त ताकीद आहे. आम्हा कापडवाल्यांनी गज आखूड ठेवणे आणि दुकानदाराने एकाच मशिनाचा आवाज चढवून माल खपवणे, दोन्ही सारखेच.