गोलांपलीकडची मोजदाद

आकड्यांच्या तराजूत तोलले जाणे वाशीम जिल्ह्याला नवे नाही. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्हा कार्यक्रम आरंभला, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि तत्कालीन उस्मानाबाद यांच्यासह वाशीमची निवड झाली. आरोग्य, शिक्षण, शेती, पाणी, कौशल्यविकास अशा क्षेत्रांतील ४९ निर्देशांकांवर जिल्ह्याची परीक्षा होऊ लागली. या पद्धतीत एक शहाणपण होते. जिल्हा कोठे उभा आहे एवढेच न पाहता, त्याने किती पल्ला गाठला यावरही त्याचा क्रम ठरविण्यात आला. जो मागून निघाला, त्याच्या वाटचालीचीही दखल घेतली गेली. हाच विवेक हॉकीपटूंच्या मूल्यमापनात आणण्याची आवश्यकता आहे.

हॉकीत दीर्घकाळ एकच आकडा पाहिला गेला, तो गोलांचा. खेदाची गोष्ट अशी की, तोही नीट जपला गेला नाही. पुण्याजवळच्या खडकीत वाढलेला धनराज पिल्ले चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. तीनशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने त्याच्या नावावर आहेत. परंतु त्याने देशासाठी नेमके किती गोल केले, याची विश्वसनीय अधिकृत नोंद तत्कालीन महासंघाने ठेवली नाही. क्रिकेटपटूंच्या धावा शाळकरी मुलांना मुखोद्गत असणाऱ्या देशात ही उदासीनता लाजिरवाणी आहे.

अपुरी मोजदाद केवळ विस्मरण घडवीत नाही, ती अन्यायही करते. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताचा ७-१ असा पराभव केला. गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्यावर थेट देशद्रोहाचा संशय घेतला गेला. प्रतिस्पर्धी किती वेळा वर्तुळात शिरले, त्या क्षणी बचावफळी कोठे होती, नेगींनी किती फटके अडविले, हे विचारण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. सात हा एकच आकडा पुरेसा मानला गेला. पुढे १९९८ मध्ये बँकॉकला धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले, तेव्हा गोलरक्षकांचे प्रशिक्षक हेच नेगी होते. राष्ट्रप्रेमाच्या आवेशात निरपराधाला द्रोही ठरविणे हे राष्ट्रकार्य नव्हे, हा धडा राष्ट्रवादी म्हणविणाऱ्यांनी तरी विसरता कामा नये.

आज वर्तुळप्रवेश, प्रतिस्पर्ध्याकडून हिरावलेले चेंडू, पेनल्टी कॉर्नरचे गोलात झालेले रूपांतर आणि प्रत्येक खेळाडूची धाव यांची नोंद होते. तिचे मोल २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ध्यानी यावे. ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला बाहेर जावे लागल्यावर भारत चाळीस मिनिटांहून अधिक काळ दहा जणांनिशी लढला. सामना १-१ असा बरोबरीत राहिला आणि शूटआउटमध्ये भारताने तो ४-२ असा जिंकला. निर्धारित वेळेतील गोलांच्या रकान्यात भारताकडून हरमनप्रीत सिंग हे एकच नाव आहे. श्रीजेशने अडविलेले फटके आणि बचावपटूंनी मोडून काढलेली आक्रमणे त्या रकान्यात कोठेच दिसत नाहीत. विजय मात्र त्यांच्यावरच उभा होता.

ही दृष्टी परकी आहे असेही नाही. खो-खोच्या वृत्तात बचाव करणारा किती वेळ टिकला आणि आक्रमणात त्याने किती गडी बाद केले, हे दोन्ही आकडे मराठी वाचक वर्षानुवर्षे वाचत आला आहे. संरक्षणालाही आक्रमणाइतकेच मोल देणारी ही आपल्या मातीतली रीत आहे.

तथापि आकड्याला देव मानणेही घातक ठरेल. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर गेली आणि मातीवर खेळणाऱ्यांची वाट बिकट झाली. रिसोड वा मानोऱ्याचा मुलगा आणि महानगरात कृत्रिम मैदानावर सरावलेला मुलगा यांना एकाच दिवसाच्या निवडचाचणीत एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे. वर्षारंभी तो कोठे होता आणि वर्षाअखेरीस कोठे पोहोचला, हे पाहिले गेले पाहिजे. त्यासाठी महागडी यंत्रणाच हवी असे नाही. एक वही आणि प्रत्येक सामना निष्ठेने टिपणारा शिक्षक एवढ्यावरही आरंभ होऊ शकतो.

शाखेत रोज संख्या घेतली जाते. पण संख्या सांगितली की काम संपले, असे कोणी कार्यकर्ता मानत नाही. जो आला नाही, त्याच्या घरी जाऊन विचारपूस केली जाते. संख्या ही त्या माणसापर्यंत पोहोचण्याची पहिली पायरी असते. क्रीडा क्षेत्रातील निवड समित्यांनी एवढे जरी ध्यानी घेतले, तरी दुसरा नेगी अपमानित होणार नाही आणि वाशीमच्या मातीतला एखादा गुणी खेळाडू नोंदीअभावी हरवणार नाही.